पुऱ्या वाक्याची सवय : प्राथमिक वर्गातील इंग्रजी व्याकरण

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



तिसरीचा वर्ग भरला आहे. गुरुजी हातातील पेन उंच धरून विचारतात, "व्हॉट इज दिस?" सारा वर्ग एका सुरात उत्तरतो, "पेन!" गुरुजी "गुड" म्हणतात, पेन खाली ठेवतात आणि पुस्तक उचलतात. "बुक!" मग खडू, फळा, खिडकी, दार. दहा मिनिटांत वीस वस्तू होतात. मुलांचा उत्साह पाहून एखाद्या पाहुण्यास वाटावे की, इंग्रजीचा तास उत्तम चालला आहे. परंतु त्या दहा मिनिटांत एकाही मुलाच्या तोंडून इंग्रजीचे एकही वाक्य निघालेले नसते. वाक्य बोलले ते एकट्या गुरुजींनी. आणि तेही एकच, वीस वेळा.

हीच मुले पुढे आठवीत जातात. तोपर्यंत त्यांच्याजवळ शब्दांची बरीच पुंजी जमलेली असते. फळांची, पक्ष्यांची, रंगांची, वारांची नावे त्यांना पाठ असतात. पण "काल मला ताप आला होता, म्हणून मी शाळेत आलो नाही" एवढा साधा मजकूर इंग्रजीत लिहावयास सांगितला, तर मूल "फीव्हर", "येस्टर्डे", "स्कूल" हे शब्द एकापुढे एक मांडते आणि थांबते. शब्द आहेत, वाक्य नाही.

महाराष्ट्रात सन २००० च्या जूनपासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकविला जात असे. म्हणजे मुलाच्या हाती चार वर्षे अधिक आली. या चार वर्षांत शब्दांची यादी तेवढी लांबली आणि वाक्य मात्र आठवीतही येईना, तर वाढलेल्या वर्षांचा उपयोग काय झाला, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे. व्याकरण म्हटले की व्याख्यांचे पाठांतर डोळ्यांपुढे येते. परंतु प्राथमिक वर्गात व्याकरणाचे काम एकच आहे, ते म्हणजे मुलाला पुरे व शुद्ध वाक्य करता येणे. बाकी सारे या कामाच्या सेवेसाठी.

वाक्य पुरे कशाने होते?

"पूर्ण अर्थ व्यक्त करणारा शब्दसमूह म्हणजे वाक्य" ही व्याख्या मुले घोकतात; तिच्यावरून वाक्य करता मात्र येत नाही. त्यापेक्षा मराठी व्याकरणात रुळलेले उद्देश्य आणि विधेय हे दोन शब्द अधिक उपयोगी आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली. एवढ्या जुन्या परंपरेत वाढलेल्या शिक्षकास या दोन संज्ञा नव्याने शिकावयाच्या नाहीत. मुलांपुढे मात्र त्या संज्ञा म्हणून न ठेवता दोन प्रश्न म्हणून ठेवाव्यात : कोणाविषयी बोललास? आणि त्याच्याविषयी काय सांगितलेस?

"द रेड फ्लॉवर" असे मूल म्हणाले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही. "इज ऑन द ट्री" असे म्हणाले, तर दुसऱ्याचे मिळते, पहिल्याचे नाही. "द रेड फ्लॉवर इज ऑन द ट्री" म्हटले की दोन्ही प्रश्न मिटतात. वाक्य पुरे झाले. ही कसोटी तिसरी-चौथीचे मूल स्वतः लावू शकते. "सिट डाऊन", "ओपन द डोअर" अशा आज्ञांत कर्ता गाळलेला दिसतो, कारण आज्ञा समोरच्यालाच केलेली असते. हा अपवाद मुलांना एकदा सांगून ठेवावा.

मराठीत शब्द हिंडतो, इंग्रजीत जागा धरतो

मराठी मुलास वाक्य येत नाही असे नाही. ते दीड-दोन वर्षांचे असल्यापासून वाक्ये बोलत असते. अडचण अशी की, मराठी वाक्याची घडण व इंग्रजी वाक्याची घडण निराळ्या आहेत, आणि हा निराळेपणा कोणी त्याला उघड करून दाखवीत नाही.

"मुलाने कुत्र्याला हाकलले" हे वाक्य घ्यावे. यात तीन शब्द आहेत. ते सहा तऱ्हांनी फिरविता येतात. "कुत्र्याला मुलाने हाकलले", "हाकलले मुलाने कुत्र्याला" असे काहीही म्हटले, तरी कोणी कोणाला हाकलले याविषयी शंका राहात नाही. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दाला चिकटलेले असल्यामुळे तो कोठेही गेला तरी आपले नाते बरोबर घेऊन जातो. इंग्रजीत "द बॉय चेज्ड द डॉग" याचा अर्थ मुलाने कुत्र्याला हाकलले. यातील दोन नामांची अदलाबदल करून "द डॉग चेज्ड द बॉय" म्हटले की कुत्रा मुलाच्या मागे लागतो. शब्द तेच, जागा बदलली आणि अर्थ उलटला.

इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत असत. कालांतराने ते बहुतेक झडून गेले, आणि प्रत्ययांचे काम जागेकडे आले. त्या जुन्या व्यवस्थेची खूण सर्वनामांत अजून दिसते : 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर', 'दे' आणि 'देम'. म्हणून इंग्रजीचा पहिला नियम मुलांना असा सांगावा : आधी कर्ता, मग क्रियापद, मग बाकीचे. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येते. "मी आंबा खातो" याचे "आय मँगो ईट" असे जे मूल करते, ते चूक करीत असले तरी मराठीचा नियम निष्ठेने पाळीत असते. शिक्षकाने हे ओळखले म्हणजे रागावण्याचे कारण उरत नाही, आणि काय शिकवावयाचे तेही कळते.

आणखी एक सोपी खूण मुलांना देता येते. मराठीत मागे लागणारे बरेच काही इंग्रजीत पुढे येते. 'टेबलावर' यातील 'वर' मागे आहे, 'ऑन द टेबल' यातील 'ऑन' पुढे. 'पेटीत'साठी 'इन द बॉक्स', 'झाडाखाली'साठी 'अंडर द ट्री', 'मित्राबरोबर'साठी 'विथ अ फ्रेंड'. हो-नाही उत्तराच्या प्रश्नातील 'का' मराठीत वाक्याच्या अखेरीस असतो. इंग्रजीत प्रश्नाची खूण वाक्याच्या आरंभीच कळते. 'मागचे पुढे' एवढे दोन शब्द फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवले, तरी पुष्कळ चुका मुले आपल्या आपण दुरुस्त करतील.

कर्ता गाळता येत नाही

"जेवलास का?" असे आई विचारते, मूल म्हणते, "जेवलो." हे एका शब्दाचे वाक्य आहे आणि ते पुरे आहे, कारण 'जेवलो' या रूपातच बोलणारा कोण हे सांगितलेले आहे. 'जेवले', 'जेवलीस', 'जेवला' अशी रूपे बदलली की माणूस बदलतो. इंग्रजी क्रियापदात एवढे सामर्थ्य उरलेले नाही. 'वेंट' म्हटले तर कोण गेले ते कळत नाही. ती गेली, तो गेला, आम्ही गेलो, सर्वांना 'वेंट'च. म्हणून इंग्रजीत कर्ता उच्चारावाच लागतो. हा आग्रह इतका आहे की, जेथे खरा कर्ता नाही तेथेही एक शब्द त्या जागी बसवितात. "पाऊस पडतो आहे" याला "इट इज रेनिंग", "पाच वाजले" याला "इट इज फाइव्ह ओ'क्लॉक". हा 'इट' म्हणजे कोण, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर "कोणी नाही, पण खुर्ची रिकामी ठेवावयाची नाही म्हणून त्याला बसविले आहे" असे उत्तर द्यावे. मुलांना ते पटते.

सर्वनामांच्या बाबतीत एक मौज आहे, आणि तीच एक अडचणही आहे. इंग्रजीतील 'मी' म्हणजे 'मला', आणि मराठीतील 'मी' म्हणजे इंग्रजीतील 'आय'. खेड्यातील पुष्कळ घरांत 'आय' म्हणजे आई. इंग्रजीतील 'ही' म्हणजे 'तो', आणि मराठीत 'ही' म्हणताच मुलगी डोळ्यांपुढे येते. 'शी' म्हटले की मागच्या बाकावर हसू फुटते. या गोष्टी क्षुल्लक वाटल्या, तरी पहिली-दुसरीच्या मुलाचा गोंधळ येथूनच सुरू होतो. ते हसू दाबू नये. त्याचाच उपयोग करावा. एका मुलाकडे बोट दाखवून 'ही', मुलीकडे दाखवून 'शी', स्वतःकडे दाखवून 'आय' असा खेळ रोज दोन मिनिटे घेतला, तर महिन्याभरात गोंधळ उरत नाही.

दुसरी अडचण लिंगाची. मराठीत पाटी ती, फळा तो, पुस्तक ते. म्हणून मूल पेन्सिलीला 'शी' आणि दगडाला 'ही' म्हणते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंना सरसकट 'इट' चालते. येथे इंग्रजी मराठीपेक्षा सोपी आहे, हे मुलांना अवश्य सांगावे. परक्या भाषेची भीती घालविण्यास असे दाखले फार उपयोगी पडतात.

'इज' राहतो, किंवा जास्त होतो

"हा माझा भाऊ." मराठीत 'आहे' न म्हणताही हे वाक्य चालते. म्हणून मूल "दिस माय ब्रदर" असे म्हणते. इंग्रजीत क्रियापदाशिवाय वाक्य उभे राहात नाही. "दिस इज माय ब्रदर" असेच म्हणावे लागते. 'आय'बरोबर 'ॲम', एकाबरोबर 'इज', अनेकांबरोबर व 'यू'बरोबर 'आर' ही त्रयी पहिल्या दोन वर्षांत जिभेवर बसली पाहिजे.

एकदा ती बसली की उलट चूक सुरू होते. मूल "आय ॲम गो टू स्कूल" असे म्हणू लागते. याचेही कारण मराठीत आहे. 'मी जातो' आणि 'मी जात आहे' यांपैकी दुसऱ्यातील 'आहे' त्याच्या कानांत असतो. त्याला एवढेच दाखवावे की, 'ॲम' आला तर 'गो'ला 'गोइंग' व्हावे लागते, आणि 'गो' तसाच ठेवला तर 'ॲम' नको. "आय गो टू स्कूल" हे रोजचे. "आय ॲम गोइंग टू स्कूल" हे आत्ताचे. दप्तर खांद्यास लावून चालत चालत एका मुलाने दुसरे वाक्य म्हणावे आणि जागेवर बसून पहिले. दोहोंतील भेद फळ्यावरील व्याख्येपेक्षा पायांनी लवकर समजतो.

'आहे' या एका मराठी शब्दाचे काम इंग्रजीत दोन शब्द करतात, हेही येथेच सांगावे. "मला एक भाऊ आहे" याचे "टू मी वन ब्रदर इज" असे होत नाही. "आय हॅव अ ब्रदर" असे होते. मराठीत 'मला' म्हणून बाजूला उभा असलेला माणूस इंग्रजीत 'आय' होऊन पुढे येतो. "मला भूक लागली आहे" याला "आय ॲम हंग्री". "मला आंबा आवडतो" याला "आय लाइक मँगोज". 'मला'ने सुरू होणारी दहा वाक्ये निवडून त्यांचा स्वतंत्र पाठ घ्यावा. आठ दिवस खर्ची पडले तरी ते वाया जाणार नाहीत.

एका 'एस'ची गोष्ट

इंग्रजीतील सर्वांत लहान आणि सर्वांत अधिक चुकणारे अक्षर म्हणजे क्रियापदाच्या शेवटी येणारा 'एस'. "आय प्ले, यू प्ले, दे प्ले", पण "ही प्लेज". गोंधळाचे मूळ असे की, नामाला 'एस' लागला की अनेक होतात आणि क्रियापदाला लागला की कर्ता एकच असतो. "द बर्ड सिंग्ज" यात पक्षी एक आणि 'एस' क्रियापदापाशी. "द बर्ड्स सिंग" यात पक्षी अनेक आणि 'एस' नामापाशी. साध्या वर्तमानकाळाच्या अशा जोड्यांत तो एका वेळी एकाच ठिकाणी दिसतो, हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवावे.

मुलांना हेही सांगावे की, मराठीत 'मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता, ते जातात' अशी रूपे ती रोज न चुकता बोलतात. इंग्रजीत त्या साऱ्यांच्या जागी 'गो' आणि 'गोज' अशी दोनच आहेत. ज्याने एवढी मोठी रूपमाला खेळता खेळता आत्मसात केली, त्याने एका 'एस'ला भिण्याचे कारण नाही.

नकार आणि प्रश्न करताना हा 'एस' स्थलांतर करतो. "ही प्लेज" याचा नकार "ही डज नॉट प्ले", प्रश्न "डज ही प्ले?" 'डू'ने तो 'एस' स्वतःकडे घेतला, म्हणून 'प्ले' मोकळा राहिला. "ही डज नॉट प्लेज" असे म्हणणे म्हणजे एकच पाहुणा दोन घरी जेवावयास बसविणे. भूतकाळातही हेच घडते. 'डिड' आला की भूतकाळ त्याने घेतला. मग "आय डिड नॉट वेंट" नव्हे, "आय डिड नॉट गो".

ही गोष्ट वर्गात करून दाखविण्यास सोपी आहे. जुन्या पुठ्ठ्यांचे तुकडे करून त्यांवर 'ही', 'प्ले', 'एस', 'डू', 'नॉट' असे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावेत आणि एकेक तुकडा एकेका मुलाच्या हाती द्यावा. 'एस'वाला आधी 'प्ले'च्या शेजारी उभा राहील. 'डू' आणि 'नॉट' आत आले की तो तेथून उठून 'डू'जवळ जाईल. येथे लिहिताना 'ई' हे अक्षर अधिक येते, तेवढे मागाहून सांगावे. "दिस इज अ पेन" याचा प्रश्न करताना 'दिस' आणि 'इज' यांनी जागा बदलल्या की "इज दिस अ पेन?" झाले. खर्च काही नाही, आणि मागच्या बाकावरील मूलही कामास लागते.

देवनागरीची मदत

'अ' कोठे आणि 'ॲन' कोठे, हा नियम इंग्रजी अक्षरे पाहून सांगू गेले तर फसगत होते. कारण नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. येथे मराठी मुलाची बाराखडी त्याच्या उपयोगी पडते. शब्द देवनागरीत लिहून पाहावा : आरंभी स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आले तर 'अ'. 'अंब्रेला'च्या आरंभी स्वर आहे, म्हणून 'ॲन अंब्रेला'. 'युनिफॉर्म' इंग्रजीत त्याच अक्षराने सुरू होतो, पण उच्चारात 'य' आहे, म्हणून 'अ युनिफॉर्म'. 'अवर' म्हणजे तास. इंग्रजीत लिहिताना 'एच' असला तरी उच्चार 'अ'पासून, म्हणून 'ॲन अवर'. मातृभाषेचे ज्ञान इंग्रजीच्या आड येते, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

लेखनात दोन गोष्टींचा आग्रह पहिल्या दिवसापासून असावा : आरंभीचे मोठे अक्षर आणि अखेरचा पूर्णविराम. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नसल्यामुळे मुलाला ही शिस्त नवीन असते. पूर्णविराम मात्र त्याने मराठीत पाहिलेला असतो. जुन्या मोडी दप्तरांत ओळ सलग लिहिली जाई, विरामचिन्हे नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजीतील विरामचिन्हे मराठी गद्यात रूढ करण्यासाठी परिश्रम घेतले. वाक्य कोठे संपले हे ओळखणे म्हणजेच वाक्य ओळखणे. पूर्णविराम गाळलेले पान सुवाच्य असले तरी ते अपुरेच समजावे.

एका वहीतील दोन पाने

आता सर्वांत नाजूक प्रश्न चुकांचा. एका दोन-शिक्षकी शाळेत घडलेली हकीकत यासाठी पुरेशी बोलकी आहे.

चौथीच्या मुलांना गुरुजींनी 'माझा आवडता प्राणी' या विषयावर इंग्रजीत पाच ओळी लिहावयास सांगितल्या. एका मुलीने आपल्या शेळीविषयी लिहिले. त्याचा वाचनाप्रमाणे मजकूर असा होता : "माय गोट नेम चंद्री. शी ईट लीफ. वन डे गोट लॉस्ट. आय क्राय. नाइट माय फादर गोट ब्रिंग." गुरुजी कामसू होते. त्यांनी लाल शाईने प्रत्येक चूक खुणावली. 'नेम'नंतर 'इज' नाही. 'ईट'ला 'एस' नाही. 'क्राय'चा भूतकाळ नाही. 'नाइट'च्या आधी 'ॲट' नाही. शेवटच्या वाक्यात क्रियापद अखेरीस. पान लाल झाले. खाली शेरा पडला : 'पुन्हा लिहिणे'.

पुढच्या आठवड्यात 'माझे घर' हा विषय होता. त्या मुलीने लिहिले : "दिस इज अ हाऊस. इट इज अ बिग हाऊस. इट हॅज अ डोअर." एकही चूक नव्हती. वाक्ये पुस्तकातून उतरविलेली होती. गुरुजींनी 'गुड' असा शेरा दिला आणि वही मिटली.

पण मिटता मिटता ती दोन पाने समोरासमोर आली, आणि ते थबकले. मुलीचे घर मोठे नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. पहिल्या पानावर सांगण्यासारखे काही होते, व्याकरण नव्हते. दुसऱ्या पानावर व्याकरण होते, सांगणारी मुलगी नव्हती. चूक होऊ नये म्हणून तिने बोलणेच थांबविले होते. आणि तिला तसे करावयास गुरुजींच्याच लाल शाईने शिकविले होते.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी तिला जवळ बसवून शेळीची हकीकत मराठीत विचारली. शेळी ओढ्यापलीकडे गेली होती, अंधार पडला होता, वडील कंदील घेऊन गेले होते. मग एकेक ओळ त्यांनी तिच्याकडूनच घडवून घेतली. "कोणाविषयी सांगतेस? त्याने काय केले?" हे दोनच प्रश्न विचारीत गेले. वहीत नवे पान तयार झाले : "माय गोट्स नेम इज चंद्री. वन डे आय लॉस्ट माय गोट. आय क्राइड. माय फादर ब्रॉट माय गोट होम ॲट नाइट." त्या दिवशी "शी ईट लीफ" ही ओळ गुरुजींनी मुद्दाम तशीच राहू दिली, 'एस'चा पाठ पुढच्या आठवड्यात होता. मुलीने ते पान वर्गात उभे राहून वाचले. नंतर दोन मुलांनी आपापल्या बैलांविषयी लिहून आणले. चुका पुष्कळ होत्या. उतारा मात्र एकही नव्हता.

या हकीकतीचे तात्पर्य चुका सुधारू नयेत असे नाही. शुद्धतेचा आग्रह सोडला तर भाषा शिकविण्यात अर्थ राहात नाही. तात्पर्य इतकेच की, एका वेळी एकाच जातीची चूक सुधारावी, ती आधी सांगून सुधारावी आणि बाकीच्या पुढच्या पाठांसाठी राखून ठेवाव्यात. या आठवड्यात कर्ता-क्रियापदाची जागा, पुढच्या आठवड्यात 'इज', त्यापुढे 'एस'. ज्या चुकीचा पाठ झालेला नाही, तिच्यासाठी मुलाला शिक्षा नको.

तासाची आखणी

प्रारंभीच्या वर्गातील गुरुजींनी काय केले असते म्हणजे तो तास वाक्याचा झाला असता? "व्हॉट इज दिस?" या प्रश्नाला "पेन" एवढे उत्तर देणे हे व्यवहारात अशुद्ध नाही. इंग्रज माणूसही असेच उत्तर देतो, आणि "व्हेअर इज द बुक?" याला "ऑन द टेबल" एवढेच म्हणतो. म्हणून प्रत्येक उत्तर पुऱ्या वाक्यातच दिले पाहिजे, अशी सक्ती केली तर मुलांना ती कृत्रिम वाटते. उपाय असा की, ज्याला एका शब्दाने भागणार नाही असे काम मुलाला द्यावे. पेन त्याच्या हाती देऊन "याविषयी तीन गोष्टी सांग" म्हणावे : "दिस इज अ पेन. इट इज ब्लू. इट इज इन माय हँड." वस्तू वीस नसल्या तरी चालतील. तीन वस्तू आणि नऊ वाक्ये, तीही मुलांच्या तोंडून, हा तास अधिक फळास येतो.

क्रम असा ठेवावा : आधी ऐकणे, मग कृतीसह बोलणे, मग फळ्यावर वाचणे, अखेरीस लिहिणे. एक साचा घ्यावा आणि त्यातील एकच शब्द बदलीत जावा : "आय हॅव अ ब्रदर, आय हॅव अ सिस्टर, आय हॅव अ गोट." साचा ओठांवर बसल्यावर नियमाचे नाव सांगितले तरी चालते, नाव आधी सांगून साचा मागून आणणे हे मात्र उलटे काम होय. आणि समूहाने एका सुरात म्हणणे संपताच एकेका मुलास स्वतंत्र उभे करावे, कारण समूहात न बोलणाराही बोलल्यासारखा दिसतो.

शेवटी शिक्षकांच्या मनातील एका संकोचाविषयी. प्राथमिक शाळांतील पुष्कळ शिक्षक स्वतः इंग्रजी पाचवीपासून शिकले. कित्येकांचे शिक्षण भाषांतराच्या वाटेने झाले. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर तर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्या पद्धतीत कागदावरचे वाक्य पक्के होई, जीभ मात्र अडखळे. "आपल्यालाच अस्खलित येत नाही, मग मुलांना काय शिकविणार?" असे वाटून इंग्रजीचा तास शब्दांच्या यादीवर निभावला जातो. परंतु प्राथमिक वर्गासाठी अस्खलित वक्तृत्व लागत नाही. 'दिस इज', 'आय ॲम', 'आय हॅव', 'आय लाइक', 'देअर इज', 'ही प्लेज', 'ही इज प्लेइंग', 'डज ही', 'ही डज नॉट', 'आय वेंट' असे दहा साचे ज्या शिक्षकाच्या जिभेवर पक्के आहेत, तो चौथीपर्यंतच्या मुलांना पुरे पडतो. हे दहा साचे आठवड्याला एक या हिशेबाने, सत्र संपण्यापूर्वी, कोणताही शिक्षक स्वतः पक्के करू शकतो. आणि एखादे वाक्य अडले, तर शेजारच्या शाळेतील सहकाऱ्यास विचारण्यात कमीपणा नाही.

चौथीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःविषयी, घराविषयी, गावाविषयी दहा वाक्ये इंग्रजीत सांगता यावीत. ती लहान असोत, साधी असोत. पण पुरी असावीत, आणि त्याची स्वतःची असावीत. एवढे झाले तर शाळेने आपले काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.